मिशनच्या वहीतलं नाव, दाखल्यावरचं नाव आणि मोबाईलमधलं नाव

बेटा, तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. चुकलं तर सांग.

तू घाटंजीकडच्या खेड्यातली, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. शाळेच्या दाखल्यावर नाव कृपा, मिशनच्या स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, वहीत ॲना. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, गातेस, आणि तीच गाणी आता इन्स्टाग्राम-यूट्यूबवर टाकायची आहेत. घोडं अडलं आहे नावावर. भाऊ म्हणतो, 'कॅथलिक क्वीन' ठेव, पुढं क्रूस लाव, लय भारी दिसते. बाबा म्हणतात, "आडनाव काहून पाह्यजे? लोकं काय म्हणतीन?" धर्मही लिहू नको आणि आडनावही. आजीला नावात मरिया पाहिजे, त्याशिवाय ती तुझं गाणं ऐकणार नाही. आणि तुला वाटतं, नाव वाचून आपण ख्रिस्ती आहोत हेही कळावं आणि वऱ्हाडातल्या आहोत हेही कळावं.

मी तालुक्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो आणि रविवारी मिस्सेनंतर मिशनमध्ये पोरांचं धर्मशिक्षण घेतो. दोन्हीकडं गाठ नावांशीच. दुकानात लोक मेल आयडी काढायला येतात, मिशनमध्ये पोरं आपला संत कोण ते विचारायला. त्यात पहिली फजिती माझी स्वतःचीच झाली, तिथूनच सुरू करतो.

ऑर्कुटच्या जमान्यात मी 'होली वॉरियर' असं नाव घेतलं होतं. चित्र म्हणून घोड्यावरचा कुठलासा युरोपातला शिपाई, हातात तलवार. नाव घेतलं आणि वागणंही तसंच व्हायला लागलं. कोणी धर्मावर काही लिहिलं की मी उत्तर द्यायला धावायचो. एका रात्री कापसाच्या भावावर गप्पा चालल्या होत्या, त्यात कुणी काही टोचून बोललं आणि मी तिथंही येशूला ओढून आणलं. दुसऱ्या दिवशी फादरांनी मिशनच्या ओट्यावर बसवून चहा दिला आणि एवढंच विचारलं, "हा वॉरियर कोण आहे? आपल्या धर्मग्रामाच्या वहीत तर सापडला नाही." चहा घशाखाली उतरेना. त्या रात्रीच नाव काढून टाकलं.

तेव्हापासून माझी एक कसोटी आहे. मिशनच्या आवारात, मिस्सा सुटल्यावर, सगळ्या लोकांदेखत त्या नावानं कुणी मोठ्यानं हाक मारली तर माणूस सहज वळेल का? वळणार असेल तर नाव चांगलं. 'कॅथलिक क्वीन' म्हणून आजीनं अंगणातून हाक मारली तर तू वळशील? मला वाटतं तू आधी इकडंतिकडं पाहशील, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. भावाचा प्रस्ताव इथंच निकालात निघाला. क्रुसाचं पुढं बोलतो.

आजीचं मात्र गंभीरपणे घ्यायला हवं. कॅथलिकाचं नाव संताचंच पाहिजे असं तिच्या पिढीला वाटतं, ते उगाच नाही. चर्चच्या १९१७ च्या कायद्यात तशी तरतूदच होती: मुलाला ख्रिस्ती नाव मिळेल हे धर्मगुरूनं पाहावं, आणि आईबाप दुसऱ्याच नावावर अडून बसले तर त्याला एखाद्या संताचं नाव जोडून दोन्ही नावं वहीत लिहावीत. आपल्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना घरी एक आणि मिशनमध्ये एक अशी दोन नावं असतात, ती याच वळणाची. शेतात दादाराव, मिस्सेत योसेफ. माझ्या वडिलांचंही तसंच होतं. मेल्यावर क्रुसावर कुठलं लिहायचं यावरून आम्ही भाऊ-भाऊ अर्धा दिवस बोललो आणि शेवटी दोन्ही लिहिली.

आता चालू असलेला कायदा १९८३ चा आहे. त्याचं ८५५ वं कलम एवढंच म्हणतं की आईवडिलांनी, धर्ममाता-धर्मपित्यांनी आणि धर्मगुरूंनी मुलाला ख्रिस्ती भावनेला परकं नाव देऊ नये. संताचं नाव द्यायलाच हवं असं त्यात कुठं नाही. म्हणजे कृपा, प्रकाश, आशा, विजय ही नावं स्नानसंस्काराला चालतात. मग स्नानसंस्काराला चाललेलं नाव मोबाईलवर का चालू नये?

आणि याला एका संताचाच आधार आहे. कन्याकुमारीकडचे संत देवसहाय. जन्म १७१२ चा, त्रावणकोर राजाच्या दरबारी नोकरी, १७४५ मध्ये स्नानसंस्कार. तेव्हा त्यांना लाझारस हे बायबलातलं नाव मिळालं, पण ते तमिळमध्ये उतरवून. लाझारस म्हणजे 'देवानं साहाय्य केलेला', म्हणून देवसहाय. १७५२ च्या १४ जानेवारीला त्यांना गोळ्या घालून मारलं. २०२२ च्या १५ मे रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. भारतातले ते पहिले सर्वसामान्य प्रापंचिक संत. परकं नाव आपल्या भाषेत आणलं तरी श्रद्धा पातळ होत नाही, हे त्यांच्या नावातच लिहिलेलं आहे.

आता तुझ्या नावाकडं बघ. ॲना हे हिब्रूतल्या हन्नाचं रूप, आणि हन्नाचा अर्थ कृपा. म्हणजे दाखल्यावरचं आणि वहीतलं, ही दोन नावं नाहीतच, एकच नाव दोन भाषांत आहे. तुझ्या बाबांनी हे जाणून केलं की योगायोगानं जमलं, विचार त्यांना. आणि आजीला सांग की ॲना, म्हणजे संत ॲन, ही मरियामातेची आई, येशूची आजी. तिचा सण २६ जुलैला असतो. नातीच्या नावात मरियामायची माय बसली आहे हे कळल्यावर आजीचा अर्धा राग तरी जाईल.

दुकानात मी हे नेहमी करतो. समोरच्याचं मिशनमधलं नाव विचारतो आणि अर्थ काढून देतो. स्टीफन म्हणजे मुकुट. फेलिक्स म्हणजे आनंदी. मार्गारेट म्हणजे मोती. व्हिक्टरचा अर्थ विजयी. नथानिएल आणि थिओडोर, दोघांचाही देवदत्त. आयरीन म्हणजे शांती. लुसीच्या नावात प्रकाश. अथनेशियस म्हणजे अमर, पण त्या नावाचा माणूस अजून माझ्या दुकानात आलेला नाही. ज्याचं ख्रिस्ती नाव मायाजालावर जगभरच्या हजार लोकांनी आधीच घेऊन ठेवलेलं असतं, त्याला त्याचा मराठी अर्थ घेऊन नाव लवकर मिळतं. नुसतं जोसेफ कुठंच शिल्लक नसतं. हा धंद्यातला फायदा, श्रद्धेचा वेगळा.

पुढं स्पेलिंग. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक यात सर्वांत जास्त चुकतात आणि गंमतही यातच आहे.

इन्स्टाग्रामच्या खात्याचं नाव रोमन अक्षरांतच लिहावं लागतं: अक्षरं, आकडे, टिंब आणि खालची रेघ, जास्तीत जास्त ३०. तेव्हा 'कृपा' रोमनमध्ये कसं लिहायचं? हिंदीवाले के-आर-आय लिहितात, कारण ते 'क्रिपा' म्हणतात. आपण मराठी माणसं 'क्रुपा' म्हणतो, म्हणून के-आर-यू. एका स्वरानं कळतं की पोरगी मराठी आहे. अमृताचंही तेच, ज्ञानेश्वराच्या सुरुवातीच्या डी-एन-वायचंही तेच. तुला वारसा दाखवायचा आहे ना, तर तो असा एका 'यू'मध्ये मावतो. नावापुढं नारंगी संत्र्याचं चित्र लावायची गरज नाही.

नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी आपल्या अंगणात तेव्हापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून बसलेली आहे. त्यामुळे आपली पोरं प्रार्थनेत 'येशू' म्हणतात आणि लिहिताना वाय-आय करून 'यीशु' लिहितात, 'ख्रिस्ती' म्हणतात आणि नावात 'मसीही' घालतात. मसीही शब्द वाईट नाही, आपल्या कित्येक प्रॉटेस्टंट भाऊबंदांना तो जवळचा आहे. पण तुझ्या आजीच्या जपमाळेतला शब्द 'येशू' आहे, तर तोच लिहावा.

आणखी एक. आपल्या मराठी बायबलातली नावं बघ: येशू, योसेफ, योहान, याकोब. सगळी 'य'ची. मूळ हिब्रू-अरामी उच्चार येशुआ, योसेफ, योहानान, याकोव असेच आहेत. इंग्रजीनं त्यांचा 'ज' केला. म्हणजे घाटंजीची म्हातारी 'योसेफबाप्पा' म्हणते तेव्हा ती लंडनच्या माणसापेक्षा नाझरेथच्या जास्त जवळ असते. माझ्याकडं एक पोरगा जेम्स नाव घेऊन आला होता, त्याला सांगितलं की तुझं मराठी नाव याकोब आहे. तो आठवडाभर याकोब होता, मग परत जेम्स झाला. असो.

फ्रान्सिस नावाची एक बारकी खोच लक्षात ठेव: शेवटी आय-एस असेल तर पुरुष, ई-एस असेल तर बाई. ही चूक मी स्वतः एका सिस्टरांच्या फॉर्मवर केली होती.

आता वारशाबद्दल, कारण तू 'वऱ्हाडातली कळावी' असं म्हणालीस. विदर्भातलं आपलं कॅथलिकपण एकाच मातीचं नाही. फ्रान्समधल्या ॲनसीचे मिशनरी १९व्या शतकात नागपूरला आले, त्यांनी आणलेली नावं आजही आपल्या वह्यांत आहेत. नागपूर धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या हाताखालचा प्रदेश, १८८७ चा. तुझा अमरावती धर्मप्रांत १९५५ मध्ये त्यातूनच वेगळा झाला. तिकडं चांद्याला, म्हणजे चंद्रपूरकडं, सिरो-मलबार विधी, केरळच्या कॅथलिकांची वेगळी उपासनापद्धत, म्हणून बल्लारपूरकडच्या पोरांच्या बोलण्यात मल्याळी फादरांचे शब्द. कोळसा आणि रेल्वेच्या वसाहतींत तमिळ, गोव्याची, झारखंडची उराव मंडळी. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडं गोंड. या सगळ्यांना 'ख्रिश्चन म्हणजे डिसोझा-फर्नांडिस' हे सिनेमातलं समीकरण ऐकून कंटाळा आलेला आहे. तुझ्या भावाला इंग्रजी नाव का हवं आहे ते मला कळतं: त्या नावानं लोक पटकन 'ओळखतात'. पण ओळखतात ते सिनेमातल्या माणसाला, त्याला नाही.

आदिवासी घरातली पोरं विचारतात की कुळाचं नाव लावू का. लावा, पण घरच्या म्हाताऱ्यांना विचारून. काही नावं घराबाहेर उच्चारायची नसतात आणि ते ठरवणारा मी कोण?

बाबांचं म्हणणं. इथं मला घाईनं उत्तर देता येत नाही. आपल्या भागात आडनाव म्हणजे बहुतेकदा जात कळण्याची सोपी वाट. एकाच आडनावाचे दोन चुलतभाऊ, एकाच्या घरात १९५६ च्या दीक्षाभूमीचा फोटो, दुसऱ्याच्या घरात मरियामातेचा, आणि गावाला दोघंही एकच. त्यात कागदांचा प्रश्न. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. अनुसूचित जमातीला मात्र धर्माची अट नाही. म्हणून यवतमाळच्या खेड्यातला बाप पोरीच्या मोबाईलवरच्या नावाला घाबरतो तेव्हा त्याला भित्रा म्हणू नये. तुमच्या घरी कुठला दाखला आहे ते मी विचारत नाही. इन्स्टाग्रामचं नाव काही सरकारी कागद नव्हे, पण लोक वाचतात, आणि बाबा गावातल्या ओट्यावर रोज बसतात, तू होस्टेलवर असतेस.

पण बाबांना देवसहायांच्याच गोष्टीचा दुसरा भाग सांग. त्यांचं मूळ नाव नीलकंठ पिल्लई. संतपदाच्या कागदांत बरीच वर्षं 'देवसहाय पिल्लई' असं लिहिलं जायचं. पिल्लई हे जातवाचक. त्यावर हरकती गेल्या आणि २०२० मध्ये रोमनं ते काढून टाकलं. संत घोषित झाले ते नुसते देवसहाय म्हणून. म्हणजे आडनाव न लावणं ही लपवाछपवी समजायचं कारण नाही. तू आडनाव लावू नकोस, इथं मी बाबांच्या बाजूचा आहे. धर्म लिहू नको या म्हणण्याशी मात्र नाही. 'कृपा' हे नाव धर्म सांगतंही आणि ओरडतही नाही, आणि तुझी गाणी ऐकल्यावर धर्म काही लपून राहणार नाही.

गावाचं नाव तर मुळीच लावू नको. मुलगी, वय कळतंय, शिकण्याचं ठिकाण कळतंय, त्यात खेड्याचंही नाव दिलं की वाटेवरच्या कुणालाही पत्ता मिळाला. पोरांना मी गावाचं नाव खुशाल लावू देतो, मुलींना नाही. हा भेद मलाही आवडत नाही, पण दुकानात बसून जे पाहिलं त्यावरून सांगतो. नदी लाव, प्रदेश लाव, पण गाव नको.

जन्मसालही नको. मेल आयडीच्या शेवटी साल लावायची सवय इतकी पसरली आहे की लोक पासवर्डलाही तेच साल ठेवतात. आपली पोरं मग हुशारी करतात आणि बायबलातले आकडे लावतात. ३१६ म्हणजे योहान ३:१६, तो जगभरच्या ख्रिस्ती पोरांनी इतका वापरला आहे की शिल्लक नाही. ३३ येशूच्या वयाचा. एका मासेमार घरच्या पोरानं १५३ घेतला. पुनरुत्थानानंतर पेत्रानं किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्यात तेवढे मासे होते, योहानाच्या २१व्या अध्यायात आहे. मला तो आकडा इतका आवडला की त्या दिवशी त्याच्याकडून मी पैसे घेतले नाहीत. तुला आकडा लागलाच तर २६०७ घे, संत ॲनचा दिवस. तुझ्या जन्माची तारीख ती नाही ना, एवढं पाहा.

काही शब्द मात्र नावात घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. नुसतं 'येशू' किंवा 'पवित्र आत्मा' हे खात्याचं नाव ठेवू नये. एखाद्या दिवशी त्याच खात्यावरून तू हॉस्टेलच्या मेसच्या वरणाबद्दल काहीतरी लिहिशील, आणि ते कुणी लिहिलं असं दिसेल? देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये, या दुसऱ्या आज्ञेचा प्रश्न आहे. फादर, सिस्टर, ब्रदर हे तुझे नसलेले किताब लावू नयेत. फादरांच्या नावानं बनावट खातं काढून लोकांकडून आजारपणासाठी पैसे मागायचे प्रकार चालतात, आणि म्हाताऱ्या माणसांचा 'फादर' या शब्दावर आंधळा विश्वास असतो. 'क्रूसेडर' वगैरे परदेशातून आलेलं फॅड तर माझ्या वॉरियरचाच धाकटा भाऊ.

'कॅथलिक' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. एकट्या माणसानं 'मी कॅथलिक' म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. पण चर्चच्या कायद्याचं ३०० वं कलम सांगतं की कुठल्याही संघटनेनं योग्य धर्माधिकाऱ्याच्या संमतीशिवाय स्वतःला 'कॅथलिक' हे नाव लावू नये. म्हणून उद्या तुम्ही पोरापोरींनी मिळून 'कॅथलिक युवा अमुकतमुक' असं खातं काढलं, तर आधी फादरांकडं जा. तेही बिशपांना विचारतील. आमच्या इथं एका गटानं न विचारता काढलं. त्यावरून गेलेल्या एका राजकीय पोस्टचा जाब मिशनला द्यावा लागला आणि खातं बंद झालं. पोरं चांगली होती, नाव चुकलं.

संतांपैकी कुणाचा हात धरायचा असेल तर तेही सांगतो. आजकाल पोरांना कार्लो अक्युतिस लागतो. इटलीतला, संगणकावर रमणारा, २००६ मध्ये १५ व्या वर्षी गेलेला पोरगा, २०२५ च्या सप्टेंबरात संत झाला. चांगलंच आहे. पण माझा कल जुन्या माणसाकडं आहे. नागपूरच्या कॅथेड्रलला ज्यांचं नाव आहे ते संत फ्रान्सिस द सेल्स, लेखक आणि पत्रकारांचे आश्रयदाते. १५९४ नंतर ॲनसीकडच्या शाब्ले भागात त्यांचं प्रवचन ऐकायला कोणी येईना, तेव्हा त्यांनी आपलं म्हणणं कागदांवर लिहून लोकांच्या दाराखालून सरकवलं. ज्या ॲनसीहून आपले मिशनरी आले तिथंच ते पुढं बिशप म्हणून राहिले. दाराखालून सरकवलेला कागद आणि मोबाईलवर सरकणारी पोस्ट यांत फार अंतर नाही. फक्त त्यांच्या कागदात शिवी नसायची.

तुझ्या नावाकडं परत येतो. दोन खाती काढ. कामाचं आणि गाण्याचं एकत्र करू नको.

कामाचा मेल सरळ दाखल्यावरच्या नावाचा. उद्या दवाखान्यात नोकरीला अर्ज जाईल तेव्हा कागदावर आणि मेलमध्ये एकच नाव दिसलं पाहिजे. तिथं आडनाव आलं तरी हरकत नाही, तो मेल जगाला दिसत नाही. मध्ये टिंब दे किंवा देऊ नको, जीमेल टिंबं धरत नाही, मेल एकाच पेटीत येतो. फेसबुकवर खरं नाव लाव. ते खोट्या नावाची खाती बंद करतात आणि एकदा नाव बदललं की पुढचे ६० दिवस पुन्हा बदलू देत नाहीत.

स्वतःच्या इन्स्टाग्रामला 'कृपा ॲना' ठेव. खात्याचं नाव रोमनमध्ये, 'यू' घालून. वर दिसणारं नाव मात्र देवनागरीत लिही, ते चालतं. ॲना कृपा नको, कृपा ॲना. घरची हाक आधी.

आणि गाण्यांसाठी? इथं तुझ्या पत्रातल्या 'वऱ्हाडातली' या शब्दावर मी दोन दिवस अडकून होतो. रविवारी धर्मशिक्षणात योहानाचा दुसरा अध्याय निघाला, गालीलातल्या काना गावचं लग्न. द्राक्षारस संपला, मरियामातेनं हळूच येशूच्या कानावर घातलं, सहा दगडी रांजण पाण्यानं भरले आणि त्या पाण्याचा द्राक्षारस झाला. पोरांना विचारलं, या लग्नाला कोण कोण होतं? मागून एक कार्टं ओरडलं, "सर, वऱ्हाडी!" सगळे हसले आणि मला तुझं नाव सापडलं.

'कानाचं वऱ्हाड'.

आपण वऱ्हाडातले, म्हणून वऱ्हाड. त्या लग्नाला गेलेले, म्हणूनही वऱ्हाड. मरियामाता त्या गोष्टीच्या मधोमध उभी आहे, तिनं सांगितलं नसतं तर रांजण भरलेच नसते, त्यामुळे आजीचं म्हणणं राखलं गेलं. आडनाव नाही, गाव नाही, धर्माची पाटी नाही, त्यामुळे बाबांचंही राखलं गेलं. गाणं कानानं ऐकायचं, तो अर्थ वरचा. ज्याला बायबल ठाऊक आहे तो ओळखेल, ज्याला नाही तो लग्नाची गाणी समजून येईल आणि ऐकून बघेल. एक धोका आहे: कुणी लग्नात गायची सुपारी घेऊन फोन करेल. पैसे चांगले असतात, विचार कर.

रोमनमध्ये 'वऱ्हाड' व्ही-ए-आर-एच-ए-डी लिही. डब्ल्यू घेतलास तर गुगलला ते वरळीच्या वाटेचं वाटेल. हे नाव कुणी आधीच घेतलं आहे का ते तू तपास. घेतलं असेल तर मागं 'कृपा' जोड.

क्रूस नावात नको, चित्रात घे. आजीचा हात आणि तिची जपमाळ, घरच्या उजेडात, बस. तिचा चेहरा घ्यायचा असेल तर तिला विचार. नाही म्हणाली तर नाही. नाव ठरलं की सुट्टीत आल्यावर दुकानात ये, वीज असली तर दहा मिनिटांचं काम आहे. पासवर्ड मात्र घरूनच ठरवून ये आणि मला सांगू नको.